हॉलच्या बाहेरचे दिवे सेन्सर आणि ॲस्ट्रो टायमरवर: पावसाळा-हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

कोल्हापुरातल्या पेठेतला मध्यम आकाराचा हॉल. कंपाउंडला 20 वॅटचे सहा एलईडी, दर्शनी बाजूला 50 वॅटचे दोन फ्लडलाइट, पायऱ्यांवर 9 वॅटचे चार बल्ब, म्हणजे एकूण 256 वॅट. संध्याकाळी दिवे लावायला कोणीतरी असतं, सकाळी बंद करायला नसतं. रोज तीन तास जादा जळले तरी महिन्याला 23 युनिट फुकट जातात.

ठरलेल्या वेळेचा साधा टायमर इथे कामाचा नाही. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या आतच मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सात-दहाला. तासाभराहून जास्त फरक दर पंधरवड्याला हाताने कोण भरून काढणार?

मग राहतात दोन पर्याय: उजेड बघणारा डे-नाईट सेन्सर, किंवा तारीख आणि ठिकाणावरून सूर्यास्त काढणारा ॲस्ट्रो टायमर. दोन्ही वापरून पाहिल्यावर आमचं मत असं, की पायऱ्या सेन्सरवर आणि कंपाउंड-फ्लडलाइट टायमरवर ठेवावेत. जुलैत ढग दाटले की दुपारी तीनलाही सेन्सर दिवे लावतो. ओल्या पायऱ्यांवर तो उजेड हवाच असतो, कंपाउंडला त्याचा उपयोग शून्य.

सेन्सरच्या तीन वायरी असतात. बहुतेकांत काळी फेज, पांढरी न्यूट्रल आणि लाल लोडकडे जाणारी. तरी स्टिकर वाचूनच जोडाव्यात. अंगावर 10 अँपिअर लिहिलेलं असलं तरी त्यावर सगळे एलईडी थेट टाकू नका. ड्रायव्हरमधला कपॅसिटर दिवा लागताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो, त्यात सेन्सरमधल्या रिलेचे, म्हणजे आतल्या छोट्या स्विचचे, पॉइंट चिकटतात. ओळखायची खूण सोपी आहे: भर उन्हात दिवे चालू, आणि सेन्सरवर टिचकी मारली की बंद. दोन-चार बल्बांना सेन्सर पुरतो. त्यापुढे मध्ये 25 अँपिअरचा दोन पोलचा, 230 व्होल्ट कॉइलचा कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला वीज मिळाली की मोठा भार जोडणारा स्विच, घाला. टायमरचं आउटपुट कॉइलच्या A1 टोकाला, न्यूट्रल A2 टोकाला, आणि दिव्यांचा सगळा भार कॉन्टॅक्टरवर. कॉन्टॅक्टर मोठ्याने गुणगुणायला लागला तर मेन बंद करून आधी धूळ साफ करा. व्होल्टेज कमी पडत असलं तरीही तो असाच आवाज करतो.

जागेचं गणित सगळ्यांत जास्त चुकतं. सेन्सरला आकाश दिसलं पाहिजे, पण आपल्याच दिव्याचा उजेड त्यावर पडता कामा नये. पांढऱ्या भिंतीवरून परतलेला उजेडही पुरतो: दिवा लागतो, सेन्सरला दिवस वाटतो, दिवा विझतो, परत लागतो, रात्रभर हाच खेळ. तोंड उत्तरेला ठेवा. पश्चिमेला ठेवलं तर संध्याकाळी दिवे उशिरा लागतात, पूर्वेला ठेवलं तर लवकर. वायर खालून आत घ्या आणि पाणी ठिबकून जाईल असा वळसा ठेवा. ग्लँड (वायर आत जाते तिथली घट्ट बसणारी चकती) सैल राहिली की मुंग्या आत घर करतात. सेन्सरच्या पारदर्शक घुमटीवर धूळ, जाळी, पक्ष्यांची घाण साचली की दिवे दिवसेंदिवस लवकर लागू लागतात; पावसाळ्याआधी आणि दिवाळीआधी ओल्या फडक्याने पुसलं तरी भागतं.

टायमरमध्ये अक्षांश 16.7 उत्तर, रेखांश 74.2 पूर्व, वेळ +5:30 भरा. यादीत कोल्हापूर नसेल तर मुंबई चालेल, उन्हाळ्यात दहाएक मिनिटं उशीर होईल इतकंच. सूर्यास्तानंतर 15 मिनिटांनी चालू आणि सूर्योदयाआधी 15 मिनिटं बंद, हे इथे बरोबर बसलं. फ्लडलाइट टायमरच्या दुसऱ्या चॅनेलवर (स्वतंत्र आउटपुटवर) आणि वेगळ्या कॉन्टॅक्टरवर घेऊन रात्री 11 ला बंद केले.

टायमरमधली उन्हाळी वेळ (डेलाइट सेव्हिंग, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची सोय) नक्की बंद करा. काही मॉडेल युरोपच्या हिशेबाने बनलेली असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ तासभर पुढे जातं आणि फ्लडलाइट 10 लाच विझतात. कोणी ते घड्याळ नुसतं हाताने मागे घेतलं तर आणखी बिघाड, संध्याकाळचे दिवेही तासभर उशिरा लागतात.

लग्न, गणपती, नवरात्र यांसाठी मॅन्युअल-ऑफ-ऑटो स्विच लागतोच. कार्यक्रम संपला की तो मॅन्युअलवरच राहतो, ही या सगळ्यातली खरी डोकेदुखी. पॅनेलच्या दारावर, मॅन्युअलवर असताना पेटणारा लाल इंडिकेटर बसवला तेव्हा ती बरीच कमी झाली.

30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) आवश्यकच, पण सगळ्या दिव्यांना मिळून एक नको. पावसात एका फिटिंगमध्ये पाणी शिरलं की अख्खा परिसर अंधारात जातो. पायऱ्यांना वेगळी, कंपाउंडला वेगळी ठेवा. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अर्थिंगकडे वळवणारं उपकरण) घाला. अर्थिंग नीट नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. हॉल पंचगंगेच्या बाजूला असेल तर 2019 आणि 2021 च्या पुराचं पाणी भिंतीवर जिथवर चढलं होतं, त्याच्या वरच पॅनेल लावा.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याच्यासमोरच तपासा: भर दुपारी सेन्सरवर काळं कापड दुहेरी बांधा, मिनिटभरात पायऱ्यांचे दिवे लागायला हवेत, कापड काढल्यावर थोड्या वेळाने विझायला हवेत. मग मेन पाडून पुन्हा चढवा आणि टायमरची वेळ व तारीख टिकली का ते बघा. टिकली नसेल तर आतली बॅटरी संपलेली आहे. तो टायमर तिथेच बदलून मागा.