चिऱ्याच्या घरात केबल की वायफाय: १४ पॉइंट, १६ महिने, दोन पावसाळे

घर कोकणातलं, तळमजला आणि वर एक मजला, मिळून साधारण १६०० चौरस फूट. भिंती नऊ इंची जांभ्या चिऱ्याच्या, दोन्ही स्लॅब आरसीसीचे. बांधकाम चालू असतानाच कॅट-६ या नेटवर्क केबलचे १४ पॉइंट काढले. दोन्ही मजल्यांच्या छताला एकेक आणि पडवीत एक असे तीन वायफाय ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) त्याच केबलवर चालतात. वापराला १६ महिने झाले आणि मध्ये दोन पावसाळे गेले.

नवीन घर बांधताना "केबल घालू की वायफायवर भागवू" असं विचारलं जातं. मोबाइलला केबल लावता येत नाही, आणि चिऱ्याच्या घरात केबलशिवाय वायफाय पोचत नाही. त्यामुळे केबल लागते ती मुख्यतः वायफायलाच, हे लक्षात आलं की पॉइंट कुठे काढायचे ते आपोआप बदलतं.

१४ पॉइंटचा हिशेब असा: टीव्हीमागे २, कामाच्या टेबलापाशी २, तीन बेडरूममध्ये एकेक, स्वयंपाकघरात १, छताला २, पडवीत १ आणि कॅमेऱ्यांसाठी बाहेर वळचणीखाली ३. यातले ९ चालू आहेत. बेडरूमचे तिन्ही, स्वयंपाकघरातला आणि टीव्हीमागचा दुसरा, हे पाच धूळ खातायत. वायरमन प्रत्येक खोलीत एक पॉइंट सुचवतो. त्याचं ऐकून पाइप जरूर टाका, आत नायलॉनची दोरी ओवून ठेवा, पण केबल आणि जॅक गरज पडेल तेव्हा. तो पैसा छताच्या पॉइंटवर घाला. वरच्या मजल्यावर जिन्याच्या एका बाजूला एकच ॲक्सेस पॉइंट आहे आणि पलीकडची बेडरूम दोन चिऱ्याच्या भिंतींआड जाते. तिथे छताला आणखी एक हवा होता.

टीव्हीची एक गंमत सांगायला हवी. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. केबलवर स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकते, वायफायवर आकडा त्याच्या दुप्पट दिसतो, आणि लोक केबल उपटून टाकतात. फोर-के चित्रपटाला २५ एमबीपीएस पुरतात. टीव्ही केबलवरच ठेवा; तेवढीच वायफायची हवा मोबाइलसाठी मोकळी राहते.

केबल नसलेला मेश संच (एकमेकांशी हवेतूनच बोलणारे वायफायचे डबे) इथे का चालत नाही, तर दोन कारणं. एक, स्लॅबमधली सळईची जाळी आणि काँक्रीट मिळून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास गिळून टाकतात. दोन, साध्या ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच रेडिओ असलेल्या) मेशमधला मधला डबा त्याच रेडिओवर मोबाइलशीही बोलतो आणि पुढच्या डब्याशीही, म्हणून प्रत्येक टप्प्याला वेग निम्मा होतो. त्यात चिरा पाणी पितो. बाहेरून गिलावा नसेल तर जुलैत भिंत आतपर्यंत ओली असते आणि ओली भिंत सिग्नलला कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते. मे महिन्यात हॉलमधून पडवीत मिळणारं वायफाय ऐन पावसात तुटत होतं. पडवीत केबलवरचा ॲक्सेस पॉइंट लावल्यावर ती तक्रार संपली.

आता पाइप, कारण सगळं यश-अपयश इथेच ठरतं. केबल पुढे बदलता येते, स्लॅबमधला पाइप बदलता येत नाही. २५ मिलिमीटरचा पाइप घ्या. कॅट-६ केबल जाडीला साधारण ६ मिलिमीटर असते. २५ च्या पाइपातून वळणं धरून चार सुखाने जातात, २० च्या पाइपात दोन गेल्यावर तिसरी रडवते. दुकानात मिळणारे काटकोनी एल्बो वापरू नका, पाइपात स्प्रिंग घालून लांब वळण काढा. दोन बॉक्सांच्या मध्ये दोनपेक्षा जास्त वळणं आली तर मध्ये एक जंक्शन बॉक्स हवाच. छताच्या ॲक्सेस पॉइंटसाठी सेंटरिंगवर, लोखंड बांधून झालं की, पंख्यासारखाच डीप बॉक्स ठेवावा लागतो. तो पॅसेजच्या मध्यावर, पंख्यापासून निदान एक मीटर लांब. प्रत्येक जोडाला सोल्युशन लावलंय का ते स्वतः बघा. नुसता दाबून बसवलेला जोड काँक्रीट भरताना निसटतो, आत सिमेंटचं पाणी शिरतं आणि तो पाइप कायमचा गेला. उघडी तोंडं टेपने बंद करा, आणि स्लॅब भरण्याआधी मोजपट्टी ठेवून सगळ्या पाइपांचे फोटो काढा.

चिऱ्यात झिरी मारायला कटर लागतो. नुसत्या छिन्नीने मारली तर चिऱ्याची ढेपच्या ढेप सुटते. आतली भिंत गिलावा न करता पॉइंटिंग करून उघडी ठेवायची असेल तर झिरी दिसणारच. तिथे पाइप स्लॅबमधून थेट कपाटाच्या किंवा चौकटीच्या आडोशाला उतरवावा लागतो, आणि हे पाया भरतानाच नकाशावर असलं पाहिजे. लादीखालून पाइप नेण्याचा मोह टाळा. कोकणात जमिनीखालच्या पाइपात पाणी साठतं आणि घरातल्या केबलचं आवरण पाण्यात राहण्यासाठी बनवलेलं नसतं.

लाइटच्या वायरी आणि नेटवर्कची केबल एका पाइपात कधीही नको. "जागा आहे की" म्हणून वायरमन तेच करू पाहतो. समांतर जायचं तर आठ इंच अंतर, ओलांडायचं तर काटकोनात. जॅकचा बॉक्सही वेगळा. स्विचबोर्डातल्या मोकळ्या मॉड्यूलमध्ये जॅक बसवला की पुढे कोणीतरी फेज आणि डेटा एकाच डब्यात हाताळतो.

केबल घेताना फसवणूक होते ती सीसीएची, म्हणजे अॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा. खोक्यावर कॅट-६ हेच छापलेलं असतं. ३०५ मीटरचं अस्सल खोकं ११-१२ किलोच्या घरात भरतं, सीसीएचं तीन-चार किलो हलकं. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडा: आत पांढरं दिसलं की परत द्या. लायटरच्या ज्योतीत अस्सल तांबं लाल होतं, सीसीएची तार मान टाकते. वेगाइतकाच प्रश्न पीओईचा, म्हणजे त्याच केबलमधून जाणाऱ्या विजेचा. सीसीएचा रोध जास्त, केबल तापते, लांबच्या कॅमेऱ्याला पुरेसा व्होल्टेज मिळत नाही आणि तो रात्री इन्फ्रारेड लागला की बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो. कॅट-६ए घरात घालायची गरज वाटली नाही. ५५ मीटरच्या आत कॅट-६ वरही १० गिगाबिट चालतं, आणि घरातली सगळ्यात लांब केबल ३० मीटरचीही नव्हती. १४ केबली सरासरी १६ मीटरच्या म्हणजे २२४ मीटर, दोन्ही टोकांच्या शेपट्या धरून २६० च्या आत. एक खोकं पुरलं.

ओढताना साबणाचं पाणी नको, टाल्कम पावडर लावा. दहा-अकरा किलोपेक्षा जास्त जोर लागतोय असं वाटलं की थांबा, नाहीतर आतल्या जोड्यांचे पीळ ताणले जातात. आतल्या आठ तारांचा क्रम टी-५६८-बी पद्धतीचा: नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. जॅकपाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये. कारागीर रंग ओळीने लावतो, नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, आणि स्वस्त टेस्टरचे आठही दिवे लागतात, कारण टेस्टर फक्त टोकाला टोक जुळतंय का तेवढंच बघतो. पण सिग्नलची जोडी दोन वेगळ्या पिळांत विभागली जाते आणि वेग कोसळतो. म्हणून काम ताब्यात घेताना लॅपटॉप लावून लिंक १००० एमबीपीएस दाखवतोय का ते प्रत्येक पॉइंटवर पाहा, आणि एकेक मोठी फाइल घरातल्या घरात पाठवा. गिगाबिटवर साधारण ९४० एमबीपीएस मिळायला हवेत. लिंक १०० वर अडकली तर बहुधा निळ्या किंवा तपकिरी जोडीची एखादी तार बसलेली नसते. १०० ला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात.

पडवीतला पॉइंट चौदाव्या महिन्यात असाच १००० वरून १०० वर आला. जॅकच्या आत खाऱ्या दमट हवेने धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर धरला होता. जॅक बदलला, झाकणाच्या कडा आणि केबल आत शिरते तो भाग सिलिकॉनने बंद केला. बाहेरचे जॅक हे झिजणारे भाग समजा. बॉक्सात मुंग्या आणि पाली शिरतात, ते वेगळंच.

सगळ्या केबली जिन्याखालच्या जाळीदार लोखंडी डब्यात येतात. फायबरचा मोडेमही तिथेच. त्यासाठी कंपाउंडपासून स्वतंत्र पाइप टाकला नाही तर लाइनमन खिडकीच्या चौकटीला भोक पाडून मोकळा होतो. लोखंडी डब्यात मोडेमचं वायफाय निरुपयोगी, ते बंद करून टाका. ॲक्सेस पॉइंट 'एपी मोड'वर हवेत, म्हणजे आयपी (उपकरणांचे नेटवर्कवरचे पत्ते) फक्त मोडेमच वाटतो. दोन ठिकाणांहून आयपी वाटले जाऊ लागले की "कनेक्टेड, पण इंटरनेट नाही" हा खेळ सुरू होतो. तिन्हींचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६, ११ आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ; तिन्हींची शक्ती मध्यम. पूर्ण शक्तीवर ठेवलं तर मोबाइल वर नेला तरी खालच्या ॲक्सेस पॉइंटलाच चिकटून राहतो आणि सोडत नाही.

१०० वॅटपेक्षा कमीत हे सगळं भागतं: तीन ॲक्सेस पॉइंट, तीन कॅमेरे, नेटवर्क स्विच (सगळ्या केबली एकत्र जोडणारा डबा) आणि मोडेम मिळून ४०-४५ वॅट. पण ते चोवीस तास, म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट. एकट्या राउटरपेक्षा हे बरंच जास्त आहे, आधीच माहीत असावं. ८ पीओई आणि २ साध्या (अपलिंक) पोर्टांचा स्विच आजच भरलाय. १६ चा घ्यायला हवा होता.

बाजारातला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस मोडेमला चालतो, पीओई स्विचला नाही, त्याला ४८ व्होल्टच्या आसपास लागतं. ६०० व्हीएचा साधा यूपीएस या भारावर फार तर तासभर ओढतो. कोकणात वीज गेली की तास मोजायचे नसतात, म्हणून डब्याला इन्व्हर्टरची लाइन दिली आणि छोटा यूपीएस फक्त वीज जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतचा तो क्षण सांभाळतो. त्याआधी प्रत्येक वेळी वीज गेली-आली की मोडेम नव्याने चालू व्हायला तीन-चार मिनिटं घ्यायचा.

विजेचा कडकडाट हा इथला खरा शत्रू, मे अखेरीला आणि ऑक्टोबरात. बाहेरच्या कॅमेऱ्यांच्या केबलवर डब्यात शिरण्याआधी सर्ज प्रोटेक्टर बसवा आणि त्याची अर्थिंग खरोखर जोडा. नुसता हिरवा वायर बाहेर लोंबत ठेवलेला प्रोटेक्टर शोभेचाच. फाटक घरापासून ४० मीटरवर आहे. तिथे बेल-कॅमेरा लावायचा तर तांब्याची केबल नेऊ नये, दोन टोकांच्या जमिनीतल्या व्होल्टेजचा फरक वीज पडल्यावर थेट स्विचमध्ये येतो. तिथे फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला तांब्याच्या केबलशी जोडणारा डबा). त्यासाठी अंगणातून पाइप टाकायचा राहून गेला, आणि आता वर पेव्हर ब्लॉक बसलेत.