"पुन्हा लाव, उमटलं नाही"

मी मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरची, वारली. डोळ्यांना समोरचं थोडं दिसतं, बाजूचं काही नाही, आणि दिवस मावळला की समोरचंही नाही. यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर अपंगत्व ७५ टक्के लिहिलंय. शिक्षण बारावी. हे आधीच सांगते, कारण "शिकलेली असून फसलीस?" असं इतक्या जणांनी विचारलंय की पुन्हा ऐकायची ताकद नाही.

जानेवारी २०२४ ची गोष्ट. बाजाराच्या गावात एक गाळा भाड्याने घेऊन बॅनर लागला: आदिवासी दिव्यांग युवक-युवतींसाठी मोफत संगणक प्रशिक्षण, लॅपटॉप आणि घरबसल्या नोकरी. वर अशोकस्तंभ छापलेला. पाड्यावर निरोप घेऊन आली ती शेजारच्या पाड्यावरची एक ताई, लहानपणी पोलिओ झालेली, कुबड्यांवर चालणारी. तिला नावामागे २०० रुपये कबूल केले होते, आणि तिचंही नाव यादीत होतंच. आज लोक सगळा राग तिच्यावर काढतात. तिचीही अनामत गेली, हे कुणी ऐकून घेत नाही.

वेळ त्यांनी बरोबर साधली होती. दिवाळीनंतर आमच्याकडचे पाडे रिकामे होतात, धडधाकट माणसं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. घरी उरतात म्हातारी माणसं आणि आमच्यासारखे. कागद वाचून बघेल, फोन तपासेल असं माणूस घरात नसतं. माझा दादाही भट्टीवर होता, आणि माझ्या बँक खात्याला नंबर त्याचा जोडलेला.

क्लास मोफत, पण लॅपटॉपची अनामत २,५०० रुपये, "शेवटी परत मिळणार". आईने साठवलेली वरई विकून, वर थोडे उसने घेऊन पैसे दिले. सोबत आधार, पासबुक, जातीचा दाखला, यूडीआयडी, सगळ्याची झेरॉक्स. विद्यावेतन थेट खात्यात येईल म्हणाले. मला सरकारी मदत खात्यातच येते, त्यामुळे पासबुक मागण्यात वावगं काही वाटलं नाही.

आम्ही चौदा जण. कुणाचा पाय, कुणाचा हात, दोघांना ऐकू येत नव्हतं, मी आणि एक मुलगा कमी दिसणारे. कॉम्प्युटर सहा. माझ्यासमोरचा चालू असायचा, पण मला त्यावर नुसता पांढरा उजेड दिसे. मी सरांना विचारलं, "सर, मला वाचता येत नाही, मी कसं शिकू?" ते म्हणाले, "तुमच्यासाठी बोलणारं सॉफ्टवेअर लागतं. ऐंशी हजारांचं आहे, मुंबईहून येतंय. तोवर हात बसवा." मी हात बसवला. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, तो चाचपून बाकीची बटणं शोधायची, एवढं माझं मीच शिकले. अडीच महिने मुक्या यंत्रासमोर बसले आणि घरी जाऊन आईला सांगत राहिले की छान चाललंय. अडचण माझ्या डोळ्यांची आहे, क्लासची नाही, असंच मला वाटायचं. तक्रार केली तर नाव कापतील ही भीती वेगळी.

एनव्हीडीए नावाचं बोलणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने २००६ साली त्याचं काम सुरू केलं, मग त्याचा अंध मित्रही त्यात आला. ते मराठीही वाचतं. आवाज खडखडीत आहे, पण कळतं. डाउनलोड करून बसवायला अर्धा तास पुरतो. हे मला क्लास बंद पडल्यावर कळलं. आता कुणी "दिव्यांगांसाठी कॉम्प्युटर" म्हणालं की पहिल्या दिवशीच मी म्हणणार, आधी तो बोलून दाखवा. ऐकू न येणाऱ्यांनी विचारावं, खुणांची भाषा येणारं कोण आहे? आमच्या क्लासात कुणीच नव्हतं.

आता अंगठ्याचं. रोज सकाळी मोबाइलला जोडलेल्या छोट्या यंत्रावर अंगठा लावून हजेरी. सरकारी योजनांच्या खऱ्या केंद्रांतही आधारची अशी हजेरी असते, म्हणून कुणाला शंका आली नाही. एरवी अंगठा एकदाच लागायचा. कधीतरी सर म्हणायचे, "पुन्हा लाव, उमटलं नाही." आमची बोटं कामाने घासलेली, रेशनच्या मशिनवरही तीनतीनदा लावावी लागतात. मी लावायची.

ऐकू न येणाऱ्या दोघांतली एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. एकदा माझा दुसरा अंगठा झाल्यावर तिने माझा दंड धरून हलवला. मोबाइलकडे बोट करून, अंगठा बोटांवर घासून पैशाची खूण केली. पुन्हा पुन्हा केली. मला वाटलं विद्यावेतन कधी येणार म्हणून विचारतेय. मी मान हलवून हसले. तिला मोबाइलवर रक्कम दिसली होती.

शिमग्याला दादा घरी आला. बोलता बोलता म्हणाला, "तू एवढे पैसे कशाला काढलेस गं?" त्याच्या फोनवर बँकेचे तीन मेसेज होते. इंग्रजीत, पण आकडे त्याला कळले होते. मीच काढतेय असं त्याने धरलं. ६ फेब्रुवारीला ४,०००, १९ ला ३,५००, ११ मार्चला २,०००. माझे निराधार योजनेचे साठलेले पैसे. १९ फेब्रुवारी मला पक्का आठवतो, बाहेरून शिवजयंतीची मिरवणूक चालली होती आणि ढोलांच्या आवाजात सर ओरडून म्हणाले होते, पुन्हा लाव.

आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा, एवढ्यावर खात्यातून पैसे निघतात. ओटीपी लागत नाही, एटीएम कार्ड लागत नाही. गावात बँक मित्राकडे आपण असेच पैसे काढतो. आधार आणि बँकेचं नाव त्यांच्याकडे झेरॉक्समध्ये होतंच.

दुसऱ्या दिवशी गेलो तर गाळ्याला कुलूप. फोन बंद. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प ऑफिसात विचारलं, असा क्लास त्यांच्याकडून चालत नव्हता. पोलिसांत अर्ज दिला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बँकेत साहेब म्हणाले, "अंगठा तर तुमचाच आहे." रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम तिथेच कळला: खातेदाराची आणि बँकेची चूक नसताना पैसे गेले, तर बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान खातेदारावर येत नाही. माझा शेवटचा मेसेजही दोन आठवड्यांचा जुना. अनामत धरून १२,००० रुपये गेले, अजून एक रुपया परत नाही. म्हणून खात्याला स्वतःचा नंबर जोडा. वाचता येत नसेल तर फोनमध्ये टॉकबॅक चालू करा, तो मेसेज वाचून दाखवतो. आणि प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या प्रशिक्षणाला शिकणाऱ्याकडून फी घेत नाहीत. अनामत म्हणा, नोंदणी म्हणा, मागितली तर तिथूनच उठा.

मी आता आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, म्हणजे माझा अंगठा कुठेच चालत नाही. आधारच्या ॲपमध्ये होतं, आधारला मोबाइल नंबर जोडलेला हवा. पैसे काढायचे किंवा रेशन घ्यायचं तर थोड्या वेळापुरतं उघडायचं. परवा रेशनच्या रांगेत उघडायला विसरले. मशीन तीनदा नाही म्हणाली, मागची माणसं कुरकुरायला लागली, आणि दुकानदार म्हणाला, "पुन्हा लाव, उमटलं नाही." मी म्हटलं, "थांबा दादा, आधी फोन उघडते." मागच्यांना पाच मिनिटं थांबावं लागलं.