घर कमी पडतंय की शाळा?
अमेरिकेत काळी पोरं मार्कात मागं का, यावर दोन मतं हायत. 1966 च्या कोलमन रिपोर्टनं (अमेरिकेतल्या शाळांची सरकारी पाहणी) सांगितलं की शाळेच्या सोयींपेक्षा घरची परिस्थितीच जास्त फरक पाडते. दुसरं मत म्हणतं शिक्षकाची अपेक्षाच कमी, म्हणून पोरगं मागं पडतं. 1968 ला छापून आलेल्या एका प्रयोगात चिठ्ठ्या टाकल्यासारखी कुठलीही पोरं निवडून शिक्षकांना सांगितलं ही चमकणार, आणि लहान वर्गातली खरंच पुढं गेली (नंतर त्यावर बराच वाद झाला म्हणा).

मला दुसरं जास्त पटतं, कारण बेळगावजवळच्या खानापूरकडं घरी मराठी बोलणारं पोरगं कन्नड वर्गात गप्प बसलं की लगेच "ढ" ठरतं आणि मग त्याला कोण प्रश्नच विचारत नाही बघा. पण घरात पुस्तक नाही, आईबाप दिवसभर रानात, हेपण खोटं नाही की.