सत्तावन्न फुटांची नॅरोबोट: नऊ महिने वापरल्यावर

गेल्या सप्टेंबरात आम्ही दोघांनी इंग्लंडच्या अरुंद कालव्यांवर चालणारी एक जुनी लांबट बोट, म्हणजे नॅरोबोट, विकत घेतली आणि रेडिंगचं भाड्याचं घर सोडलं. तेव्हापासून ऑक्सफर्ड कालव्यावर तिच्यातच राहतोय. लांबी 57 फूट, रुंदी 6 फूट 10 इंच. अरुंद कालव्यांची लॉकच (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारी, दोन्ही टोकांना दारं असलेली कुंडं) जेमतेम 7 फूट रुंद, त्यामुळे रुंदीत निवड करायला वाव नसतो. घेण्याआधी मी स्वयंपाकघर, पलंग, खिडक्यांचे पडदे हेच बघत होते. आता कुणी विचारलं तर सांगते, आधी बोटीच्या मागच्या टोकाला जा, फळी उचला आणि खाली बघा. तिथे काय आहे त्यावर तुमचे पुढचे दिवस ठरतात.

तिथे इंजिन असतं, बॅटऱ्या असतात आणि बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा पत्र्यातून बाहेर पाण्यात जातो ती जागा असते. त्या फटीत ग्रीस दाबून भरलेलं असतं. दिवसाचा प्रवास संपला की वाकून ग्रीसच्या पितळी टोपीला एखाद-दोन आटे द्यायचे, थेंब पडायचे थांबेपर्यंत. पहिल्याच महिन्यात मी हे सलग दोन दिवस विसरले. पहाटे घरघर ऐकून जाग आली, तर तळातलं पाणी उपसणारा पंप आपोआप सुरू झाला होता. त्यानंतर एक दिवस चुकलेला नाही.

बॅटऱ्यांनी मात्र खरंच रडवलं. विकणाऱ्याने "नव्या आहेत" म्हणून सांगितलं होतं आणि आम्ही विश्वास ठेवला. नोव्हेंबरात संध्याकाळी सात वाजताच दिवे मंद व्हायला लागले. शिशाच्या बॅटऱ्या निम्म्याखाली वारंवार उतरल्या की मरतात, आणि डिसेंबरात छतावरच्या सोलरला ऊन असं मिळतच नाही. इंजिन चालवून चार्ज कराव्यात, तर रात्री आठ ते सकाळी आठ ते चालवायला मनाई. चारही बदलल्या. तुम्ही घेताना बॅटरीवरची तारीख स्वतः वाचा. बोट पाण्याबाहेर काढून पत्र्याची जाडी मोजून घ्यायलाही कंजुषी करू नका. तळ 10, बाजू 6, छत 4 मिलिमीटर ही नव्या बोटीची नेहमीची मापं, त्यातलं किती उरलंय ते कळायलाच हवं.

हिवाळ्यात शेगडी दिवसरात्र पेटती ठेवावी लागते. बिनधुराच्या कोळशाची पोती छतावर रचलेली असतात. कुकर लावला की खिडक्यांवरून पाण्याच्या धारा लागतात, म्हणून भात शिजताना कितीही थंडी असो, एक खिडकी उघडी. शौचालयाची पेटी दोघांत तीन दिवसांत भरते आणि ती हाताने उचलून ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते. हे काम सवयीचं होतं, आवडीचं होत नाही.

आता प्रवासाचा दिवस. मे महिन्यात याच कालव्यावरच्या बॅनबरी गावाहून लोअर हेफर्ड गावाला गेलो तो दिवस सांगते. इथले जुने लोक वेळ काढतात ती रीत अशी: मैल अधिक लॉक, भागिले तीन, म्हणजे तास. आमचे साधारण बारा मैल आणि सात लॉक, म्हणजे सहा तासांच्या वर. कालव्यावर वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, पण बांधलेल्या बोटींजवळून जाताना त्याहूनही हळू, नाहीतर त्यांचे खुंट उपटून येतात.

गावाबाहेर पडलो आणि बोट नुसती थरथरायला लागली. पंख्यात काहीतरी अडकलं होतं. इंजिन बंद केलं, किल्ली खिशात घातली, झाकण उघडून खांद्यापर्यंत हात पाण्यात. निळी प्लास्टिकची दोरी, तिच्याभोवती एक पिशवी, पिशवीभोवती गवत. भाकरीच्या सुरीने कापत कापत अर्धा तास गेला, बोटं बधिर झाली. रबरी हातमोजे आणि चांगली सुरी त्या झाकणाजवळच ठेवा.

एन्होला चेरवेल नदी कालव्याला आडवी येते. लगेच पुढे जे लॉक आहे ते पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं, ऐसपैस. उतार जेमतेम फूटभर. पुढचं सॉमरटनचं लॉक तब्बल 12 फूट खोल आणि एका खेपेला लागणारं पाणीही तितकंच जास्त. कमी उताराच्या लॉकमधून तेवढं पाणी खाली जावं म्हणून एन्होचं लॉक रुंद बांधलं. अठराव्या शतकातला हा हिशेब आजही रोज जुळतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

सॉमरटनमध्ये टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, माझ्या हातात होता, नवरा वर लॉकची झडपं फिरवायची किल्ली, विंडलास, घेऊन. खाली जाताना एकच धोका सतत डोक्यात ठेवायचा: लॉकच्या मागच्या दाराखाली दगडी उंबरा असतो आणि बोटीचं मागचं टोक त्यावर टेकलं तर बोट नाकावर उभी राहते. भिंतीवर पांढरी रेघ असते, तिच्या पुढेच राहायचं. "थोडी पुढे घे गं!" वरून आवाज. मी घेतली. पाणी उतरत गेलं तशा दोन्ही बाजूंना काळ्या ओल्या भिंती उंच होत गेल्या, विटांच्या फटींतून नेचे, त्यांच्या टोकांवरून माझ्या मानेवर थेंब. आभाळाची एक पट्टी तेवढी उरली. मग समोरचं दार हळूहळू उघडलं आणि पुढे गवताळ माळ, गाई, पाण्यावर लख्ख ऊन. त्या क्षणासाठी मी नोव्हेंबरची ती अंधारी संध्याकाळ पुन्हा काढायला तयार आहे.

नदीचा भाग आला की मात्र वेगळा विचार. फेब्रुवारीत चेरवेलला पूर होता, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर पाणी लाल भागात, म्हणजे धोक्याच्या पातळीला, म्हणून आम्ही नऊ दिवस एकाच जागी थांबलो. कायमचा धक्का नसलेल्यांना 14 दिवसांच्या आत जागा बदलावी लागते, आणि 2024 पासून त्यांच्या परवान्यावर जादा आकारही आहे. खर्च मांडताना तो धरा.

बोट आम्ही ठेवतोय. आता थेम्सवरून लेचलेडपर्यंत जायचं आहे. तिथला परवाना वेगळा. नांगर आणि साखळी आणून पुढच्या फळीखाली ठेवली आहे, साखळीचं टोक बोटीला पक्कं बांधायचं तेवढं राहिलंय.