हयातीचा दाखला चेहरा दाखवून: निवृत्त पोलिसाच्या घरी ‘जीवन प्रमाण’ कितपत चालतं?

पोलीस ठाण्याचा इनचार्ज फौजदार दुसऱ्याच्या हयातीच्या दाखल्यावर सही करू शकतो, अशी तरतूद केंद्राच्या पेन्शन नियमांत आहे. तोच फौजदार ५८ व्या वर्षी निवृत्त झाला की दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं त्यालाच दाखवावं लागतं. नोकरीभर इतरांची हजेरी घेतलेल्या माणसाची ही वर्षातली एकच हजेरी, पण चुकली तर थेट पेन्शन थांबते.

पुण्यात ही हजेरी लावायचे सध्या तीन रस्ते आहेत: बँकेत जाऊन कोषागाराच्या (सरकारी ट्रेझरीच्या) यादीत सही, फोनवर ‘जीवन प्रमाण’ हे हयातीचा ऑनलाइन दाखला काढायचं सरकारी ॲप, किंवा पोस्टमनला घरी बोलावणं. ॲप उत्तम आहे, फुकट आहे आणि पहिल्या खेपेला डोकं खातं. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी मात्र पोस्टमनच बरा. आणि ज्यांचे पाय चालतात, शाखा जवळ आहे, त्यांनी बँकेतली सही इतक्यात सोडू नये.

आधी बँकेचं, कारण ते सोपं आहे. पुणे कोषागार जिल्हाधिकारी कार्यालयाजवळच्या लेखा कोष भवनात आहे, पण हयातीसाठी तिथे जायची गरज नसते. कोषागार शाखानिहाय याद्या बँकांना पाठवतं. पेन्शनरने १ ते ३० नोव्हेंबरच्या दरम्यान आपल्या शाखेत जाऊन नावासमोर सही किंवा अंगठा करायचा. ओळखपत्र आणि पासबुक सोबत ठेवायचं. अडचण एकच. खातं बहुतेकदा नोकरीच्या काळातल्या शाखेत, म्हणजे शिवाजीनगर मुख्यालयाच्या आसपास, आणि निवृत्तीनंतरचं घर धायरीला नाहीतर मांजरीला. यादी त्याच शाखेत असते, घराजवळच्या शाखेत नाही. नोव्हेंबरचा पहिला आणि शेवटचा आठवडा टाळला की गर्दी निम्मी लागते. सही केल्यावर नावासमोरचा पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक) आपलाच आहे ना, एवढं बघून घ्यावं. एकाच नावाचे दोन ‘पाटील’ एका यादीत असणं पुण्यात नवलाचं नाही.

आता ॲप. जीवन प्रमाण सेवा १० नोव्हेंबर २०१४ ला सुरू झाली तेव्हा ती बोटांच्या ठशांवर आणि बुबुळांवर चालायची, त्यासाठी वेगळं यंत्र लागायचं. साठीनंतर बोटांवरच्या रेषा झिजतात, त्वचा कोरडी पडते. मोतीबिंदू असेल तर बुबुळाचीही पंचाईत. त्यामुळे कित्येकांना केंद्रावरून तसंच परत यावं लागायचं. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आली आणि यंत्राची गरज संपली. घरातला साधा स्मार्टफोन पुरतो.

साधा म्हणजे किती साधा? अँड्रॉइडची आवृत्ती फार जुनी नको, कॅमेरा निदान ५ मेगापिक्सेल, फोनमध्ये ५०० एमबी जागा मोकळी. नातवाने फोटो-व्हिडिओंनी भरून ठेवलेला आजोबांचा फोन इथेच अडकतो. ॲप दोन घ्यावी लागतात: ‘जीवन प्रमाण’ आणि आधारशी चेहरा जुळवणारं ‘आधार फेस आरडी’. दुसऱ्याबद्दल हमखास गोंधळ होतो, कारण ते घेतल्यावर स्क्रीनवर त्याचं चिन्ह दिसतच नाही. लोकांना वाटतं काहीतरी बिघडलं, म्हणून ते पुन्हा पुन्हा उडवतात आणि घेतात. ते पडद्यामागेच चालायचं असतं. सेटिंग्जमधल्या ॲपच्या यादीत नाव दिसलं की झालं. तिथेच कॅमेऱ्याची परवानगी दिलेली आहे का, तेही बघा.

पहिली पायरी ऑपरेटरची. म्हणजे जो फोन हाताळणार तो: मुलगा, सून, नात, किंवा स्वतः पेन्शनरही. ऑपरेटरचा आधार क्रमांक, मोबाईल आणि ईमेल भरायचा. ओटीपी मोबाईलवर आणि ईमेलवर असे दोन्हीकडे येतात, आणि दोन्ही टाकावे लागतात. ईमेल उघडता येत नसेल तर गाडी इथेच थांबते, म्हणून ऑपरेटर घरातला तरुण असलेला बरा. मग त्याचा चेहरा स्कॅन होतो. एकदा नोंद झाली की त्याच फोनवरून आई, वडील, शेजारचे निवृत्त हवालदार काका, सगळ्यांचं करता येतं.

दुसरी पायरी पेन्शनरची, आणि खऱ्या चुका इथे होतात. मोबाईल नंबर असा द्या जो वडिलांच्या हातात असतो. ओटीपी आणि पुढचा संदेश त्यावरच येणार. बंगळुरूच्या मुलाचा नंबर दिलात तर महिनाभराने ‘काय झालं त्याचं?’ हे त्यालाच विचारावं लागेल. पेन्शनचा प्रकार: स्वतःच्या नोकरीची असेल तर ‘सर्व्हिस’, पतीच्या पश्चात मिळणारी असेल तर ‘फॅमिली’. पेन्शन मंजूर करणारे आणि वाटणारे कोण, हे दोन वेगळे रकाने आहेत. महाराष्ट्र पोलिसांतून निवृत्त झालेल्याची पेन्शन राज्य शासनाची. ती बँकेच्या खात्यात जमा होत असली तरी वाटप कोषागार करतं. ‘पैसे बँकेत येतात म्हणजे बँकच’ असं समजून वाटप यंत्रणेत बँक निवडली की दाखला तयार होतो खरा, पण भलत्याच दारात जाऊन पडतो.

पीपीओ नंबर निवृत्तिवेतन प्रदान आदेशावर असतो, जो मुंबईच्या महालेखापाल कार्यालयाकडून आलेला असतो. त्या जागी नोकरीतल्या पगाराचा सेवार्थ क्रमांक टाकायचा नाही, पोलिसाच्या बिल्ल्याचा बक्कल नंबर तर नाहीच. आदेशाची घडी पडून आकडे पुसट झाले असतील तर अंदाज करत बसू नका. कोषागाराच्या ‘निवृत्तिवेतनवाहिनी’ संकेतस्थळावरच्या पेन्शन स्लिपशी ताडून घ्या. खाते क्रमांक पासबुकावरून टाका, चेकवरून टाकायचा असेल तर खालच्या ओळीतल्या इतर आकड्यांत गल्लत करू नका.

पुढे दोन प्रश्न येतात: पुनर्नियुक्ती झाली आहे का, आणि पुनर्विवाह झाला आहे का. निवृत्त पोलिसाच्या बाबतीत पहिला प्रश्न जरा नाजूक. सोसायटीत किंवा कंपनीत सुरक्षा अधिकारी म्हणून उभे राहणारे पुण्यात पुष्कळ. त्या प्रश्नाचा रोख सरकारी, निमसरकारी नोकरीवर आहे, खासगी पगारावर नाही. तरीही करार पद्धतीने एखाद्या शासकीय कार्यालयात काम चालू असेल तर आधी कोषागारात विचारून मगच उत्तर द्या. घाईत बोट ‘हो’वर पडलं तर निस्तरायला दोन-चार फेऱ्या.

शेवटी चेहऱ्याचं स्कॅन. ट्यूबलाइटखाली, पाठीमागे खिडकी ठेवून बसवलं तर दहादा फसतं. सकाळी गॅलरीकडे तोंड करून, मागे कोरी भिंत, उजेड चेहऱ्यावर समोरून, असं बसवा. चष्मा, टोपी, मफलर काढा. फोन डोळ्यांच्या पातळीवर धरा. चेहरा गोलात आल्यावर पापण्या मिटून उघडायला सांगितलं जातं. कारण समोर फोटो आहे की जिवंत माणूस हे त्यावरूनच ठरतं. इथे आपले निवृत्त साहेब सावधानमध्ये बसल्यासारखे डोळे न हलवता बघत राहतात आणि स्कॅन होत नाही! आधी दोनदा पापण्या मिटायचा सराव करून घ्या. तरीही जुळलं नाही तर दोष बहुतेकदा आधारच्या जुन्या फोटोचा. मध्ये मोठं आजारपण झालं, वजन उतरलं, दाढी वाढली की चेहरा बदलतो. मग आधार केंद्रात जाऊन फोटो अद्ययावत करून घेणं हाच उपाय, आणि त्याला दिवस जातात. म्हणून ही चाचणी ऑक्टोबरातच करून बघावी.

सगळं जुळलं की प्रमाण आयडी, म्हणजे दाखल्याचा क्रमांक, मिळतो आणि तोच एसएमएसनेही येतो. बहुतेक घरं इथे निश्चिंत होतात, आणि या सेवेचं खरं दुखणं नेमकं इथे आहे. आयडी मिळाला म्हणजे आधारशी चेहरा जुळला, एवढंच. दाखला कोषागाराने स्वीकारला का, ही वेगळी गोष्ट. पीपीओ किंवा वाटप यंत्रणा चुकली असेल तर तो नाकारला जातो, आणि मग त्याच आयडीत दुरुस्ती होत नाही. बरोबर माहिती भरून नवा आयडी काढावा लागतो. संकेतस्थळावर आयडी टाकून दाखल्याची पीडीएफ उतरवून घ्या, त्यावरचं एकेक नाव-नंबर वाचा आणि डिसेंबर उजाडायच्या आत स्वीकृतीची खात्री करा. ॲपने ‘झालं’ म्हणण्याऐवजी ‘पाठवलं’ म्हटलं असतं तर अर्धे घोळ वाचले असते. गेल्या वर्षीचा आयडी यंदा चालत नाही, हेही सांगून ठेवलेलं बरं.

पोस्टमनचा रस्ता त्या मानाने निवांत आहे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेकडून ही सेवा घरपोच मिळते, शुल्क ७० रुपये, आणि त्यासाठी त्यांच्याकडे खातं असावं लागत नाही. १५५२९९ वर फोन करून किंवा जवळच्या टपाल कार्यालयात सांगून नोंद होते. पोस्टमन येईल तेव्हा आधार, पीपीओ, पासबुक आणि चालू मोबाईल एका जागी काढून ठेवा. भरायची माहिती तीच, त्यामुळे वर सांगितलेल्या चुका इथेही होऊ शकतात. तो भरत असताना शेजारी बसून वाटप यंत्रणेचा रकाना तेवढा बघावा.

घरातल्या बाईंसाठी एक वेगळा परिच्छेद हवाच, कारण आयुष्यभर बंदोबस्त आणि रात्रपाळ्या करणाऱ्याच्या घरातली कागदपत्रं तिनेच सांभाळलेली असतात, पण त्यांतलं स्वतःचं नाव तिने क्वचितच तपासलेलं असतं. पीपीओवर पत्नीचं नाव आणि जन्मतारीख बघा. आधारवर एक स्पेलिंग आणि पीपीओवर दुसरं, किंवा सेवापुस्तकात माहेरचं नाव राहून गेलेलं, हे सर्रास आढळतं. कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना हीच तफावत आडवी येते. साहेब हयात असताना त्यांच्याच अर्जाने दुरुस्ती सोपी जाते: ज्या कार्यालयातून निवृत्त झाले तिथे अर्ज द्यायचा, तिथून प्रस्ताव महालेखापालांकडे जातो. आणि पुढे कधी तिला स्वतःचा दाखला काढायची वेळ आली तर प्रकार ‘फॅमिली’ निवडायचा, आधार तिचं, खातं तिच्या नावावरचं. सवयीने पुन्हा ‘सर्व्हिस’ निवडून भरलेला अर्ज चुकीचा ठरतो.

नोव्हेंबरात फोनही फार येतात. ‘कोषागारातून बोलतोय, तुमची पेन्शन थांबेल, पीपीओ आणि ओटीपी सांगा’ अशा थाटात. कोषागार फोनवर ओटीपी मागत नाही, लिंक पाठवत नाही, स्क्रीन शेअर करायला लावत नाही. समोरचा अधिकारी असल्यासारखा दरडावून बोलतो तेव्हा खात्यात वरिष्ठांचं ऐकायची सवय लागलेला माणूसच आधी फसतो. फोन ठेवायचा, पैसे गेलेच असतील तर तत्काळ सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या नंबरवर तक्रार नोंदवायची.

यंदा पहिल्यांदाच ॲप वापरणार असाल तर ते नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात करा आणि शेवटचे दहा दिवस बँकेतल्या यादीसाठी हातात राहू द्या. दाखल्याची एक छापील प्रत पीपीओच्या फाईलला लावा, आणि ती फाईल कुठल्या कपाटात आहे ते घरात निदान दोघांना माहीत असू द्या.