वडिलांमागे जमीन: हक्कसोडपत्र की वाटप?

आमच्या कोकणात बाराव्याची पंगत उठते न उठते तोच मुंबईचे चाकरमानी गाडीची वेळ बघू लागतात आणि घाईत कोणीतरी म्हणतं, "ताई, तू सही करून टाक." ती सही हक्कसोडपत्राची असते, म्हणजे जमिनीतला आपला वाटा बाकीच्या वारसांसाठी सोडून देण्याच्या कागदाची.

आधी वारस नोंद करा. तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं, आणि त्यात मुलींची नावं आलीच पाहिजेत. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. वडील त्याआधी वारले असले तरी तो राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं.

हक्कसोड सोपं, खर्चही कमी. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं की काम झालं. पण एकदा नोंदवलेलं हक्कसोड नुसतं मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. उद्या बहिणीला माहेरी दोन खोल्या बांधाव्याशा वाटल्या तर?

वाटपाला वेळ लागतो. सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे, नाहीतर दिवाणी दावा. कातळ कोणाला, कलमांची बाग कोणाला, विहिरीची वाट कुठून, हे बसून ठरवावं लागतं. तरीही मी वाटपच सुचवेन. हक्कसोड करायचंच असेल, तर बहिणीने घरी नेऊन, वाचून, महिन्याभराने सही करावी. पंगतीच्या दिवशी मुळीच नको.