पॉश ट्रेनिंगवाले: मॅडम भारी, पण ज्यांनी बसायला पायजे होतं तेच बाहेर (३.५ स्टार)

आमची कंपनी हिंगणा एमआयडीसीत, माणसं साठच्या वर, त्यात बायका अकरा. इतकी वर्षं पॉशचं, म्हणजे कामाच्या जागी बायकांचा लैंगिक छळ थांबवायच्या कायद्याचं, पोस्टर कॅन्टीनच्या फ्रिजमागे लागलेलं, यंदा कुठून तरी ऑडिटचं आलं तेव्हा कुठं यांना बोलावलं. दोन तासाचं सेशन, तेही जेवणानंतर. ट्रेनिंगवाल्यांचं नाव टाकत नाही, कंपनी ओळखू येईल.

आधी चांगलं सांगते. मॅडम स्लाइड वाचत बसल्या नाही, सरळ बोलल्या. १९९७ चा सुप्रीम कोर्टाचा विशाखा निकाल, मग २०१३ चा कायदा, हे पाच मिनिटात आटोपलं. दहा माणसं असली की तक्रारी ऐकायला कमिटी पायजेच, अध्यक्ष सीनियर बाईच, अन निम्म्या तरी बायका. आमच्या कमिटीत मी दोन वर्षांपासून आहे हे मला त्या दिवशी कळलं, सही कोणी केली देव जाणे!

मग मागच्या लायनीतून सुरू झालं, "मग आता गुड मॉर्निंगची पण परवानगी घ्या लागते का जी?" सगळे हसले. मॅडम पण हसल्या अन म्हणाल्या, तुमच्या साहेबांना कसं म्हणता, तसंच म्हणा. दुसरा म्हणे खोट्या तक्रारी होतात. त्यावर त्यांनी नीट सांगितलं की मुद्दाम खोटी तक्रार केली तर कारवाईची सोय त्याच कायद्यात आहे, पण सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी, असं नसते. हे आमच्या एचआरलाही नवीन होतं, चेहऱ्यावरून दिसलं.

खरी मजा प्रमोशनवर आली. आमचे एक सुपरवायझर बोलून राहिले होते की बाई रात्री थांबत नाही, मग स्टोअर इन्चार्ज कशी करायची, अन वरून बाळंतपणाची सहा महिने सुट्टी, त्यापेक्षा पोरंच घेतलेले बरे. मॅडमनी विचारलं, मागच्या वर्षी इन्चार्जला रात्री किती वेळा थांबा लागलं? तो विचार करून म्हणे, दोनदा. बस, कोणी काही बोललं नाही, मागं कोणाची तरी खुर्ची वाजली तेवढीच.

पाळणाघराचं पण निघालं. आमच्याकडे सगळ्यांचा समज की पन्नास बायका असल्या तरच द्या लागते, पण कायद्यात पन्नास कर्मचारी आहे, बाई-माणूस धरून. म्हणजे आम्ही कधीचेच त्यात बसतो ना बाप्पा.

आता दीड स्टार कुठं गेला. मॅनेजर लोक फोन आला म्हणून उठले ते फोटोच्या वेळेलाच परत आले. कामावर कोणाला घ्यायचं, कोणाला इन्चार्ज करायचं हे ठरवते कोण, तेच ना! ट्रेनिंगवाल्यांनी त्यांचं वेगळं सेशन आधी ठेवायला पायजे अन हजेरी घ्यायला पायजे, पण बिल तेच पास करतात म्हणून बोलत नसतील. शेवटची क्विझ तर सगळ्यांनी एकमेकाची पाहून लिहिली, त्यावर सर्टिफिकेट. अन हँडआउट पूर्ण इंग्रजीत, आमच्या पॅकिंगच्या बायकांनी त्यात दुसऱ्या दिवशी डबा गुंडाळला.

बोलावायचं असेल तर बोलवा, पण सकाळचा टाइम घ्या, तर्रीपोह्याआधीचा. पाळणाघराचा अर्ज मी सोमवारी दिला, एचआर म्हणे पाहू.